पान बत्तीसपर्यंतचा चीन

६ जानेवारी १९४७, सोमवार
हळदीच्या पेठेत आवई उठली आहे की चिनी दंतवैद्य डॉक्टर ल्यू सांगली सोडून जाणार. साफ खोटं. मला सांगितल्याशिवाय ते जाणार नाहीत. गेली आठ वर्षं रोज दुपारी चारला मी त्यांच्या दवाखान्यात बसतो. मी बोलतो, ते कवळ्या घासत ऐकतात. असा ऐकणारा उभ्या सांगलीत नाही. मी गेलो नाही तर बिचाऱ्यांना करमायचं नाही.

तरी आज साडेतीनलाच जाऊन बसलो.

बावीस तारखेला चिनी नवं वर्ष. आम्हा तिघांना जेवायला बोलावलंय. मी, आमच्या प्रेसमधला नाथाजी आणि पलटणीतून पेन्शनीवर आलेले सुभेदार लालासाहेब. आठ वर्षांत पहिल्यांदाच. निश्चय: सण असा थाटात पार पाडायचा की डॉक्टरांना सांगली हेच घर वाटलं पाहिजे. मग जाण्याचं नाव काढतील कशाला?

९ जानेवारी
चीनविषयी मला कुणी शिकवायला नको. शाळा चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. जगातलं सगळं ज्ञान उलट्या अक्षरांत या बोटांखालून गेलं. चीन देशावरचं एक पुस्तक आमच्याकडेच छापलं. त्यातला दुसरा फर्मा, पान सतरा ते बत्तीस, माझ्या हातचा. शेवटचं वाक्य अजून पाठ आहे. 'नववर्षासाठी चिनी लोक घर झाडून लख्ख करतात.' तिथं पान संपलं. पुढचा फर्मा नाथाजीकडे गेला. पण मुख्य भाग माझ्याकडेच होता.

१४ जानेवारी, संक्रांत
डॉक्टरांना तिळगूळ दिला. दवाखान्यातली फळी रिकामी. चिमटे, पकडी पेटीत. पेशंटची खुर्ची गोणपाटात गुंडाळलेली. बाहेर आल्यावर नाथाजी म्हणाला, आवं हरीभाऊ, खुर्ची कशापायी बांधलीया? मी हसलो. म्हटलं, सणाची साफसफाई, पान बत्तीस. नाथाजी काहीतरी बोलणार होता, पण मी त्याला पान एकोणीसपासून नीट समजावून सांगितलं.

१८ जानेवारी
घरात बायकोची धुसफूस. उमा म्हणाली, बेडूक खाऊन आलात तर ताट अंगणात वाढीन, आणि स्वतःच घासायचं. लालासाहेबांना विचारलं. ते लढाईत ब्रह्मदेशात होते, चिनी शिपाई जवळून पाहिलेले. म्हणाले, घाबरू नगा भाऊ, साप बी लय झ्याक लागतो, कोंबडीवानी. तेव्हापासून अन्न गोड लागेना.

निश्चय: ताटात काही वळवळलं तर उपास सांगायचा. पण उपास सांगितला आणि डॉक्टर दुखावले तर? सांगली सोडायला निमित्त मिळायचं. म्हणजे खायचं. डोळे मिटून. उमाला सांगायचं नाही.

२२ जानेवारी, बुधवार, सकाळी आठ
सगळ्यांआधी सातलाच पोचलो. बरं झालं. डॉक्टरांनी पहाटे फटाके वाजवलेले, ओटाभर लाल कागदाचा कचरा. सणासुदीला दारात हा उकिरडा! लोकांनी काय म्हणावं? शेजारी पेरू विकणाऱ्या रंगूबाईची केरसुणी मागून घेतली. म्हणाली, आवं, तुमी कशाला, मी झाडती की. म्हटलं, नको, हे घरच्या माणसाचं काम. ओटा झाडला. उंबऱ्याच्या आतही चार हात मारले. पाटी भरून कचरा म्युनिसिपालिटीच्या गाडीत टाकला. सडा घातला. रांगोळीही काढली, वाकडी.

डॉक्टरांनी दार उघडलं. ओट्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या केरसुणीकडे बघितलं. चेहरा एकदम उतरला.

भारावले असावेत.

दुपारी तीन
जेवण पार पडलं. ताटात शेवया आल्या तेव्हा जीव भांड्यात पडला. पण तिखट! गूळ विसरले असावेत म्हणून मी मागून घेतला. बाकी कोबी, केळी, तिळाचे लाडू. बेडूक नाही. निघताना कळलं, डॉक्टरांनी आमच्यासाठी नवी भांडी आणून त्यांत रांधलं होतं.

शेवटी उभं राहून डॉक्टर बराच वेळ बोलले. आवाज जड होता. सणाचं भाषण असतं तसं. मी लालासाहेबांच्या कानात अर्थ सांगत होतो, त्यामुळे शब्द नीट ऐकू आले नाहीत. लालासाहेब डोळे पुसत होते. मिरची.

मोहीम फत्ते.

संध्याकाळी सहा
घात झाला. आत्ता पेठेत नाथाजी भेटला, म्हणाला, हरीभाऊ, आज केरसुणी शिवाया नको व्हती. माझ्या फर्म्यात पयल्याच वळीत व्हतं, तेहतीस पानावर. झाडायचं आदल्या दिशी. सणाच्या दिशी झाडलं तर घरातली बरकत भाईर जाती. लाल कागद तर अजिबात काढत न्हाईत.

म्हटलं, मग आधी का नाही बोललास? तर म्हणतो, तुमी बोलू दिलं कवा?

आठ वर्षांची बरकत मी म्युनिसिपालिटीच्या गाडीत टाकली. आता डॉक्टर नक्की जाणार. माझ्यामुळे जाणार.

२३ जानेवारी
कचरा टाकतात त्या खड्ड्यावर गेलो. काठीनं दोन तास उकरलं. लाल कागदाचे सात तुकडे मिळाले. एक बहुधा पतंगाचा. चार वाजता दवाखान्यात जायची हिंमत झाली नाही. आठ वर्षांत पहिला खाडा.

२५ जानेवारी, शनिवार
प्रेसमधून हँडबिलाचा लाल कागद आणला. काल दिवसभर बारीक कातरला. उमा आधी म्हणाली, वेड लागलंय तुम्हांला. मग दुसरी कात्री घेऊन समोर बसली.

सकाळी ओट्यावर सगळा पसरला. उंबऱ्याच्या आत दोन मुठी जास्त. डॉक्टर बाहेर आले. खाली बसले. एक तुकडा उचलून म्हणाले, हरीभाऊ, तुम्ही झाडलं म्हणून मी जात नाही. तिकडे चीनमध्ये आई थकली आहे. तिकीट नाताळातच काढलंय, एकतीसची गाडी. जेवण त्यासाठीच होतं.

म्हटलं, मला सांगितलं नाहीत. डॉक्टर म्हणाले, सांगितलं. तीनदा. जेवताना चौथ्यांदा.

मी कागद गोळा करायला वाकलो. त्यांनी हात धरला. म्हणाले, राहू द्या.

३१ जानेवारी
स्टेशनवर गेलो. डॉक्टर खिडकीतून काहीतरी म्हणाले. त्याच वेळी मी त्यांना पुण्याला गाडी बदलण्याविषयी सांगत होतो.

२ फेब्रुवारी
निश्चय: यापुढे कमी बोलायचं. दुसऱ्याचं ऐकायचं.

३ फेब्रुवारी, सोमवार
चारला पाय आपोआप दवाखान्याकडे वळले. कुलूप. ओट्यावर बसलो. तासगावकडचा एक शेतकरी गाल धरून आला, कुलपाकडे बघत उभा राहिला. परगावचा माणूस, त्याला काय माहीत. म्हणून डॉक्टर कोण, कुठले, का गेले, सगळं सांगितलं. पान सतरापासून. तो ओट्यावर टेकला. तासभर ऐकत होता, एकदाही मधे बोलला नाही. इतकं बरं वाटलं! वाटलं, आठवड्यातून एकदा जरी आला तरी पुरे.

तेवढ्यात नाथाजी आला. शेतकऱ्याकडे बघून म्हणाला, आवं हरीभाऊ, जबडा धरलाय त्येचा. त्वांड उघडंना झालंय. मिरजेला इस्पितळात न्यायला टांगा बघा आदी.

टांगा आणला, शेतकऱ्याला बसवलं. वळणावर तो मागे वळून बघेल असं वाटलं.

बघितलं नाही.