मंगलच्या ओट्यावरील ऐन

सौ. चिमाबाई हिस गेणू याजकडून आशीर्वाद. शेजारच्या हर्षालीने हे पत्र सावकाश वाचून दाखवावे.

मी आपला पुतण्या गोरख याच्या घरी सुखरूप आहे. गुडघा फारसा दुखत नाही. तुझे खोकल्याचे औषध चालू आहे ना?

आपली लेक मंगल हिच्या नावाचा दगड अद्याप बसविलेला नाही, त्याचे कारण लिहितो. दरड कोसळून ती घरासह मातीखाली गेली, त्यानंतर वर्षभर तेथे नुसती तांबडी माती होती. पुढे गवत आले, गवतात तेरडा, मग करवंदीच्या जाळ्या. आता त्या जाळ्यांतून ऐनाची झाडे माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत. कोणीही लावलेली नाहीत. दरडीतून वाचलेल्या विहिरीपासून पावले मोजली, तर तिच्या ओट्याच्या जागीच एक ऐन उभा.

गोरख म्हणाला, "आप्पा, कोयता मिरवायला आणलाय व्हय? तोडा की. राबाला लई पाला व्हईल."

मी कोयता कमरेला अडकवला. भाताच्या रोपांसाठी पाला जाळून राब भाजावयाचा, म्हणून तिच्या घरामागच्या उतारावरील ऐन मी दरवर्षी बोडके करीत असे. त्यामुळेच दरड आली, असे कोणी म्हणत नाही. तेथे पाने सळसळली की मंगल आत भांडी घाशीत आहे असे वाटते. काल तिला चाहूल द्यावी तसा मी दोनदा खाकरलो.

दगड ओट्याच्या जागी बसवावयाचा तर ते झाड तोडावे लागेल. तू सांगितलेस तर तोडीन. परंतु तसे सांगू नकोस, ही माझी विनंती आहे.

गेणू भिका