पेनाच्या फोनातले बैल

बाबा, तुमचा पेनाचा फोन मी शहापूरला दुरुस्तीच्या दुकानात नेला होता. तुम्ही गेल्यापासून तो आईच्या पेटीत, लुगड्यांच्या घड्यांखाली पडून होता. थंडी सरल्यावर पेटी उन्हाला काढताना तो तिच्या हाताला लागला आणि तिने मला हाक मारली, "बाय, ये बघ गो, ह्याचं पोट सुजलंय." खरंच सुजलं होतं. मागचं झाकण एका बाजूने उचललं होतं आणि आतलं काहीतरी बाहेर येऊ पाहत होतं. "टाकून दे कुठं तरी," ती म्हणाली, आणि लगेच, "नायतर दाव कोनाला, नीट व्हतो काय." एवढं बोलून ती भांड्यांकडे वळली. निर्णय माझ्यावर सोपवला गेला आहे, असं मी समजले.

तो फोन घरी कसा आला हे तुम्हाला सांगायला नको, तरी लिहिते. किन्हवलीच्या भातगिरणीत पोती उचलून तुमच्या बोटांची टोकं इतकी टणक झाली होती, की साध्या फोनच्या काचेला ती जाणवतच नसत. तुम्ही दाबत राहायचात, काच ढिम्म. "हिला माझं बोट कळत नाय," असं तुम्ही रुसल्यासारखं म्हणायचात. मालकांनी नवा फोन घेतल्यावर त्यांचा जुना तुम्हाला दिला. त्याच्या खालच्या कडेतून बारीक पेन निघत असे, आणि ते पेन मात्र काचेला कळत असे. फोन करण्यासाठी दिलेल्या त्या वस्तूवर तुम्ही बैल काढू लागलात.

आपली बैलजोडी तोवर गेली होती. नांगरणीला भाड्याचा ट्रॅक्टर येत होता. तरीही तुम्ही दर हिवाळ्यात म्हशाच्या जत्रेला, तिथल्या गुरांच्या बाजारात, जात होता, काही घ्यायचं नसताना. एका वर्षी मला सोबत नेलंत. मी बारावीत होते, गर्दीत कुणी बोलेल या भीतीने तुमच्या पाठीमागे उभी. एका खिलारी जोडीसमोर तुम्ही उकिडवे बसता, डोळे बैलाकडे, हात काचेवर. बैलवाला ओरडतो, "काय रं पावनं, फुकट फोटू काढतोस?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "फोटू नाय, चित्तर. फोटूत बैल नुसता उभा ऱ्हातो. काढताना त्याला वळखावा लागतो." तो हसतो, "मग शिंगां जरा लांब काढ, भाव तरी चढंल!" तुम्ही शांतपणे उत्तर देता, "हायत तेवढीच काढनार." आजूबाजूची माणसं हसतात. मी मात्र त्या क्षणी पहिल्यांदा तुमच्याकडे, पुस्तकातल्या एखाद्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, खळ्यावर झोडणी चालली होती. आई पेंढी डोक्यावरून आणून फळीवर आपटत होती, आणि तुम्ही गवताच्या भाऱ्याला टेकून पेन काढलंत. तिने पाहिलं. "बैल संपलं म्हनून आता मी काय?" तुम्ही म्हणालात, "हलू नको." "हलू नको तर भात कोन झोडंल, तुजा बाप?" पण त्यानंतर ती जरा सावकाश झोडत होती, तिने पदर दोनदा सारखा केला, हे मला पेंढ्या बांधता बांधता दिसत होतं. संध्याकाळी ओटीवर तुम्ही तेच चित्र समोर धरून बसला होता. मी वाकून पाहिलं. फळी होती, पेंढी होती, उचललेले हात होते, चेहऱ्याच्या जागी पुन्हा पुन्हा गिरवलेल्या रेषा. तुम्ही पेनाचं बटण दाबून ते सगळं पुसून टाकलंत. "बैल उभा ऱ्हातो गो," तुम्ही म्हणालात, "तुजी आय ऱ्हात नाय." थोड्या वेळाने आतून आईने विचारलं, "जमलं काय?" तुम्ही म्हणालात, "हाय त्यात. ठेवलंय." आणि माझ्याकडे पाहिलंत. मी गप्प राहिले. गप्प राहणं मला नेहमीच सोपं गेलं आहे.

तिने तेव्हा दाखव म्हटलं नाही. लाजली असावी. पुढच्या पावसाळ्यात आवणी, भाताची लावणी, चालू असताना फोन भिजला. भिजलेला फोन तांदळात ठेवतात, असं तुम्ही गिरणीत ऐकलं होतं; घरात तांदूळ थोडेच होते, म्हणून तुम्ही तो भाताच्या कणगीत खोल खुपसलात. "त्योच तांदूळ, अजून कापडं घातलेला," असं म्हणून तुम्ही हसलात. तो वाळून बाहेर येण्याआधीच एके सकाळी, छातीत दुखतंय म्हणता म्हणता, तुम्ही गेलात. मग आईने तो कणगीतून काढून तसाच पेटीत ठेवला.

दुकानदाराने चिमट्याने पेनाच्या भोकातून तूस काढलं आणि कागदावर ठेवून मला दाखवलं. "ताई, फोन हाय का कनगी?" मग झाकण पाहून तो गंभीर झाला. "फोन म्हनून वापरनार असाल तर ह्याच्यात काय राम नाय. वर्जन जुनं झालं, आताचं काय चालनार नाय ह्याच्यावर. पन आतलं काय पायजे असंल तर सांगा. दुसऱ्या मेलेल्या फोनचा डिस्प्ले लावून एक ट्राय मारतो. बऱ्याच टायमाला निघतं. ब्याटरी मात्र आत्ताच काढतो, अशी घरात ठेवू नका." विचार करून सांगते, असं म्हणून मी फोन त्याच्याकडे ठेवला.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. सगळं सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली, कडेला उभी केली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग मी दिसंन काय त्यात? झोडताना?"

एवढी वर्षं ती त्या चित्रावर विसंबून आहे, हे मला माहीत नव्हतं. तुमचा दोघांचा लग्नातला फोटो सोडला तर तिच्याकडे तिचं काहीच नाही. फोन चालू झाला, तर ती सगळे बैल एकेक करून पाहील आणि स्वतःला शोधत शेवटपर्यंत जाईल. नाही झाला, तर ती त्यात आहे.

मुरबाडच्या वाचनालयात मी दिवसभर लोकांना पुस्तकं काढून देते. तिथे बसून हाच विचार केला. शनिवारी शहापूरला गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "राहू द्या. नका उघडू." तो म्हणाला, "एक ट्राय तरी?" मी नकारार्थी मान हलवली. बॅटरीशिवाय तो हलका झालेला फोन आईच्या हातात दिला. "नाय झाला?" "नाही." तिने तो पदराने पुसला. "आसूं दे. हाय ना पन त्यात?" मी म्हणाले, "आहे."

हे तुमच्यापर्यंत जाणार नाही, म्हणूनच लिहू शकते. आईला वाचवण्यासाठी मी नको म्हटलं, असं मी स्वतःला समजावते, आणि ते खोटं नाही. कदाचित तुम्ही नंतर कधी तिला पुन्हा काढलंही असेल, आणि या वेळी ती उभी राहिली असेल. तशी शक्यता होती, आणि ती मी बंद केली. कारण माझं चित्र तुम्ही कधी काढायलाही घेतलं नव्हतं, बाबा, आणि आईच्या शेजारी बसून तिचं चित्र पाहणं मला जमलं नसतं.