कानातली शिट्टी, गाडीवरची शिट्टी

मेक्सिको शहर, रविवार
(आज दुपारनंतर गाडी बंद. का ते खाली येईलच.)

आदरणीय नासारिओदादा,

तुला आणि वहिनीला माझा आणि कुकाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, वहिनीचा रक्तदाब आणि तुमची ती लंगडी कोंबडी, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. तुझा रेडिओ अजून रात्रभर उशाशी चालतो का, आणि वहिनी अजून त्याला वैतागून मागच्या खोलीत झोपते का, तेही कळव. (कुका म्हणते, बायकोला सोडून रेडिओशी संसार करणारा माणूस तिने तुझ्याशिवाय पाहिला नाही. मी फक्त निरोप पोचवतो.) आम्ही इकडे मजेत आहोत. काळजीचं काहीही कारण नाही, आणि ते तुला नीट समजावं म्हणूनच एवढं लांबलचक पत्र लिहितो आहे.

झालं एवढंच, की पाच आठवड्यांपूर्वी एका मंगळवारी मी गाडी लावली, राख काढली, जेवायला बसलो आणि शिट्टी वाजायची थांबेना. बारीक, लांब, आपल्या रताळ्याच्या गाडीवरच्या वाफेच्या शिट्टीची बहीण शोभावी अशी. मला वाटलं, दुसरा कुणी रताळेवाला आपल्या हद्दीत घुसला. तू हा रस्ता माझ्या हवाली केलास तेव्हा बजावलं होतंस, की वाफेचा आवाज दोन चौकांच्या आत आला तर ऐकून घ्यायचं नाही. मी हातातला चमचा घेऊनच बाहेर पडलो. चौकात कुणी नाही. एक कुत्रं होतं, त्याने चमच्याकडे बघून शेपूट हलवली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी सकाळी दाढी करताना चोर सापडला. तो माझ्या डाव्या कानात बसला होता.

कुकाचं निदान तयारच होतं. उजवा कान वाजला तर कुणीतरी आपलं कौतुक करतंय, डावा वाजला तर चहाडी. आता सलग चार दिवस, झोपेतसुद्धा, माझ्याबद्दल वाईट बोलायला कुणाला एवढी फुरसत आहे, याचा आम्ही दोघांनी बसून विचार केला. (तुझं नाव आलं होतं. मी काढायला लावलं.) उपाय म्हणजे आपल्या सदऱ्याचा कोपरा दातांत धरून करकचून चावायचा, म्हणजे बोलणाऱ्याची जीभ चावली जाते. मी चावला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावर तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, विकणारी दोन्या चोले सुजलेलं तोंड घेऊन धंद्यावर आली! तिने दाढ काढली होती हे आम्हाला आठवड्याने कळलं. तोवर कुकाने तिच्याशी बोलणं टाकलं होतं आणि आमची न्याहारीही बंद झाली होती. तमाले नाहीत, आणि शिट्टी आहेच.

मग धंदा बसला. सलग तीन संध्याकाळी एकही माणूस रताळं घ्यायला बाहेर आला नाही. मी प्रत्येक कोपऱ्यावर साखळी ओढतो, शिट्टी वाजते, मी वाट बघतो, दारं बंद. मला लोकांचा फार राग आला. एकोणीस वर्षं ज्यांच्या पोरांना आटवलेलं दूध जास्तीचं ओतलं ते लोक असे निघावेत! घरी येऊन मी माणुसकी संपली या विषयावर कुकाला बरंच ऐकवलं. चौथ्या दिवशी ती बरोबर आली. पहिल्या कोपऱ्यावर मी साखळी ओढली आणि तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "ओढा की." मी म्हटलं, "ओढली." ती म्हणाली, "अहो, मग ती वाजली कुठे?" शिट्टीची नळी काजळीने गच्च भरली होती. तीन दिवस मी माझ्याच डोक्यातली शिट्टी वाजवून गिऱ्हाइकांना बोलावत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला भीती वाटली, दादा. रताळेवाल्याला स्वतःची शिट्टी कळेना, मग राहिलं काय?

म्हणून चर्चसमोरच्या औषधाच्या दुकानाशेजारी जी डॉक्टरीण बसते तिच्याकडे गेलो. पोरगेली आहे, पण हुशार. तिने कानात दिवा घालून पाहिलं, घंटी वाजवून पाहिली, आणि विचारलं, "काम काय करता?" रताळी आणि केळी भाजून विकतो, म्हटलं. "कामात काही मोठा आवाज वगैरे?" मी म्हटलं, "छे, अजिबात नाही." (मी खोटं बोललो नाही. आवाज म्हणजे ट्रकचा, हातोड्याचा. शिट्टी ही शिट्टी असते.) तिने सांगितलं, कधीकधी काही आठवड्यांत कमी होतं, कधी माणसाला सवय होते. घाबरलात की जास्त ऐकू येतं. त्याच्यामागे लागू नका. वाजू द्या, आपण आपलं काम करत राहा. एका शब्दात, दुर्लक्ष. मी दोन आठवडे दुर्लक्षाचा सराव करत होतो. फार अवघड काम आहे. ज्याच्याकडे बघायचं नाही तो तिथेच आहे ना, हे सारखं बघावं लागतं.

आज मात्र जमलं. दुपारी चर्चपुढे गाडी लावली, आत कुणाच्या तरी बाळाचा बाप्तिस्मा चालू होता, गर्दी उत्तम. कुकाने औषध म्हणून माझ्या कानांत सताबाच्या तेलात भिजवलेले कापसाचे बोळे कोंबले होते. मी एकदा साखळी ओढली आणि शिट्टी सुरू झाली. साखळी सोडली, तरी चालूच. मी मनात म्हटलं, आला कानातला चोर! आज जोरात आला आहे. पण फिदेन्सिओ, घाबरायचं नाही. मी सुरी घेतली आणि शांतपणे केळं सोलू लागलो. लोक कानांवर हात ठेवून बघत होते. मी हसून मान हलवली. दोन बायका काहीतरी ओरडल्या, मी म्हटलं, "एक मिनिट, भाजतंय." पाद्रीबाबा पूर्ण पोशाखात बाहेर आले आणि दोन्ही हात वर करून माझ्याकडे बघत राहिले. मी टोपी काढून आशीर्वाद घेतला. इतकं सुंदर दुर्लक्ष मी आयुष्यात कशाकडे केलं नव्हतं. शेवटी दोन्या चोले तिची पातेली सोडून धावत आली, एप्रन हाताला गुंडाळून तिने अडकलेल्या झडपेवर पळी हाणली, आणि माझ्या कानातला बोळा उपटून ओरडली, "अहो रताळेवाले, मेलात का उभ्या उभ्या? ती गाडी वाजतेय, गाडी!" आत बाळ म्हणे पवित्र पाण्यातच गुदमरेपर्यंत रडलं. समोरून डॉक्टरीण कानांत बोटं घालून आली, गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "हा तुमचा 'अजिबात नाही' का?"

शिट्टी थांबल्यावर सगळ्या चौकाने सुस्कारा सोडला. माझ्या कानात मात्र काहीच थांबलं नाही. सगळे शांततेत उभे होते, एकट्या मलाच ती शांतता नव्हती. ते मला फार लागलं.

तर असं सगळं मजेत आहे. कुकाचं आणि दोन्या चोलेचं पुन्हा जमलं, उद्यापासून तमाले सुरू. तू काही धावतपळत यायची गरज नाही. वहिनीला नमस्कार, कोंबडीला दाणे.

तुझा धाकटा,
फिदेन्सिओ

ता. क. : खरंच येऊ नकोस. आलास तर गुरुवारची बस घे, ती रिकामी असते. पुढची खोली कुकाने झाडून ठेवली आहे.

ता. क. २ : डॉक्टरीण म्हणते, शिट्टी धुराड्याच्या टोकाला लांब नळीवर चढवली आणि मी कानांवर झाकणं घातली तर गाडी सोडावी लागणार नाही. ती शिट्टी तू स्वतःच्या हाताने घडवलीस. दुसऱ्या कुणाला मी तिला हात लावू देणार नाही. तुझी कानस घेऊन ये.

ता. क. ३ : तिने आणखी एक विचारलं. या गाडीवर माझ्याआधी कोण होतं? म्हटलं, माझा भाऊ, एकतीस वर्षं. "आणि त्यांचे कान?" मी हसून म्हटलं, त्याचे कान ठणठणीत आहेत, त्याला तर रात्रभर रेडिओ लागतो, शांततेत झोपच येत नाही. एवढं बोललो आणि मग मला माझंच बोलणं ऐकू आलं. दादा, तुला कधीपासून वाजतंय? तू कुणाला बोलला नाहीस, आणि आम्ही जेवायला बसलो की तुझ्या रेडिओवर हसायचो. मी सगळ्यात जास्त. ते विसरून जा आणि ये. फोन करू नकोस, मला नीट ऐकू येत नाही, आणि आता कळतंय की तुलाही कधीच नीट येत नव्हतं. रेडिओ बरोबर आण. मधल्या टेबलावर ठेवू, दोघांना पुरेल.