बारापैकी नऊ

उधना, सुरत
२४ मार्च २०२६

प्रिय दादास,
सुषमाचा नमस्कार.

इकडे आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण दुपारी ओट्यावर बसून शेजारच्या सरलाबाईंना भाजी निवडू लागते. यंदा गुढी उभारली नाही, कडुलिंबाची पानं तेवढी खाल्ली. ऊन आत्ताच सहन होत नाही, पुढे काय होईल कोण जाणे. नाशिकला बरं असेल. नितीनची परीक्षा जवळ आली ना? त्याला म्हणावं, आत्या विचारत होती.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. रोज फोनवर बोलतो आणि हे काय मध्येच. दादा, फोनवर मी तीन वेळा सुरुवात केली. पण तू म्हणतोस, "सुषे, तू तिथे आहेस म्हणून आईला आधार आहे," आणि माझं तोंड बंद होतं. मग मी उन्हाचं बोलते आणि ठेवून देते. म्हणून लिहायला बसले. आई समोरच बसली आहे. तिनेच सांगितलं, लिही म्हणून.

पहिली बातमी ही की धुडकूकाका सुरत सोडून गेले. पंधरा तारखेला. खोली रिकामी केली, शेगडी आणि पलंग सरलाबाईंना दिला. आता लेकीकडे, दिपालीकडे, दोंडाईच्याला राहणार. एकतीस वर्षं आपल्या भिंतीला भिंत लावून राहिलेला माणूस एका पिशवीत आणि एका ट्रंकेत मावला.

तू म्हणशील, बरं झालं, नजरेसमोर नको.

नानांच्या दहाव्याला तापीच्या घाटावर तू त्यांना जे बोललास ते आपल्या खोल्यांच्या सगळ्या लाइनीने ऐकलं. "तुम्ही बरोबर होता आणि माझा बाप रस्त्यावर पडला. तुम्हाला कळलं नाही त्यांच्या छातीत दुखतंय?" ते खाली बघून म्हणाले, "चुकनं भो. मी ध्यान दिधं नही." त्यानंतर लाइनीतल्या लोकांनी त्यांना हाक मारणं सोडलं. गुरुवारच्या भजनाला ते बसले की शेजारची जागा रिकामी राहायची. मी खिडकीतून बघायचे.

दादा, धुडकूकाका त्या दिवशी नानांबरोबर नव्हते. मी होते.

आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर परत लिहिणं होणार नाही.

संक्रांतीनंतरचा रविवार होता तो. ऑफिसात माझ्या शेजारी गायत्री बसते, साड्यांचे फोटो टाकायचं काम करते. तिने माझ्या मोबाइलवर एक ॲप घालून दिलं होतं. जुन्या सुरतेत पायी फिरायचं. बरोबर गाइड नाही, काही नाही. मोबाइल एक कोडं घालतो, ते सोडवून त्या जागी पोहोचायचं, तिथे काहीतरी शोधायचं, उत्तर भरायचं, मग पुढच्या जागेचं कोडं येतं. अशी बारा ठिकाणं. किल्ल्यापासून सुरुवात. किती वेळात पूर्ण केलं ते वर दिसत राहतं, आणि महिन्याच्या पहिल्या दहांत आलं तर यादीत नाव झळकतं.

मी शनिवारी संध्याकाळी नानांना ते दाखवलं. तुला माहीत आहे नाना काय म्हणायचे. "मी कुठे सुरत पाहिली? मी उधना पाहिला." चौतीस वर्षं मिल, खोली, स्टेशन. मिलमधलं त्यांचं कापड तपासून घड्या घालायचं फोल्डिंग खातं बंद झाल्यापासून तर ओटा सोडून कुठे नाही. मी म्हटलं, चला उद्या, मी दाखवते सुरत. ते लगेच तयार झाले. चपलेने चालवणार नाही म्हणून धुडकूकाकांकडून त्यांचे कॅनव्हासचे बूट मागून आणले. काकांचा संबंध इतकाच. बुटांपुरता.

सकाळी आठला किल्ल्याजवळच्या चौकात उतरलो. हवा गार होती. झाडांना आणि तारांना पतंग अडकलेले. मी गुजरातीतलं कोडं वाचून मराठीत सांगायचे आणि नाना शोधायचे. दादा, तू त्यांना तसं कधी पाहिलं नाहीस. मीही पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं मी शोधेन आणि ते मागे येतील. उलटंच झालं. एका बोळात जुन्या घरावर लाकडात कोरलेला पोपट शोधायचा होता. आमच्यासारखीच शोधणारी कॉलेजची चार मुलं तिथे गोल गोल फिरत होती. नाना रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, डोळे बारीक केले आणि बोट दाखवलं. दुसऱ्या मजल्यावर, तुळईच्या टोकाशी, बोटभर पोपट. पोरं म्हणाली, "काका, शुं आंख छे तमारी!" नाना म्हणाले, "आख्खी जिंदगी कपड्यातला तुटलेला धागा शोधला बाबा. हा तर पोपट आहे."

मुगलसराईत, जिथे आता महापालिकेचं ऑफिस आहे, मी सांगितलं की पूर्वी इथे लांबून आलेले मुसाफिर उतरायचे. ते भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "मी आलो तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर! तीन रात्री उधना स्टेशनवर झोपलो. ट्रंक उशाला, आणि ट्रंकेत तुझ्या आजीने दिलेल्या भाकरी. तिसऱ्या दिवशी धुडकू भेटला." हे त्यांनी आपल्याला कधी सांगितलं होतं? मला तर नाही.

मी पण त्या दिवशी हसत होते, दादा. रावेरहून संसार मोडून परत आले त्याला तीन वर्षं झाली. त्यात तसं हसल्याचं मला आठवत नाही. नाना मध्ये मध्ये माझ्याकडे बघायचे. ते कशासाठी चालत होते ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

पाचव्या ठिकाणी ते डावा हात चोळत होते. मी विचारलं तर म्हणाले, झोपेत अवघडला. सातव्याला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. कपाळावर घाम होता, जानेवारीत. मला म्हणाले, "आखो कितला राहिनात?" मी म्हटलं, पाच. मग म्हणाले, "आते घर जाऊत का बेटा?"

मी मोबाइल बघितला. आम्ही यादीत आठवे येत होतो.

मी काय बोलले ते आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. आईलाही आत्ता, हे लिहिण्याआधी सांगितलं. मी म्हटलं, "नाना, जन्मभर घरीच तर बसलात. एक दिवस माझ्यासाठी चाला ना."

ते उठले. बुटाची नाडी सुटली होती, ती मी बांधली. आठवं ठिकाण झालं. नववं घंटाघर. तिथेही त्यांनीच शोधलं, मी उत्तर भरत होते. मोबाइलवर रंगीत कागदाचे तुकडे उडतात बरोबर उत्तर आलं की. ते मी त्यांना दाखवायला वळले आणि नाना फुटपाथवर बसलेले होते. बसलेच होते, पडले नव्हते. मग कलले.

एका रिक्षावाल्याने मला हात दिला, "बेन, जल्दी बेसो," म्हणत त्यांना आत घेतलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू मला विचारलं होतंस, शेवटचं काय बोलले. मी म्हटलं होतं, काकांना विचार. नाना काहीच बोलले नाहीत, दादा. दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मला विचारलं, आधी त्रास होत होता का? मी म्हटलं, नाही.

मी धुडकूकाकांना फोन केला. ते आले आणि त्यांच्यासमोरच मी तुला फोन लावला. तुझा पहिला प्रश्न होता, "तू कुठे होतीस?" माझ्या तोंडून निघून गेलं, मी घरी होते, नाना काकांबरोबर गेले होते. मी काकांकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी नानांच्या पायातले बूट काढले आणि पिशवीत ठेवले. संध्याकाळी तू आलास आणि त्यांना विचारलंस, तेव्हा म्हणाले, "हां, मी संगे व्हतू." आईला खरं माहीत होतं. आम्हाला घरातून जाताना तिनेच तर पाण्याची बाटली दिली होती. तीही गप्प राहिली. नवरा गेला, आता लेकरंही तुटायला नकोत, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिच्यावर रागावू नकोस.

मी खोटं का बोलले ते अजून राहिलं आहे.

दिवाळीला तू जाताना मला जिन्यात थांबवून सांगितलंस, "नानांना जिना चढताना दम लागतो. कार्डिओग्राम काढून घे, विसरू नको." मी फोनवर तुला सांगत राहिले, या रविवारी नेते, पुढच्या रविवारी नेते. मग डिसेंबरात सांगितलं की नेलं, सगळं नॉर्मल आहे. नेलं नव्हतं. जानेवारीत मलाच लाज वाटली आणि अठरा तारखेचा नंबर लावला. सकाळी साडेनऊचा. नाना म्हणाले, दवाखाना काय, पुढच्या रविवारी जाऊ, उद्या तू सुरत दाखव. मला तेच हवं होतं. मी हो म्हटलं.

तो रविवार दवाखान्याचा होता, दादा.

काका निघाले त्या दिवशी मी उधना स्टेशनवर गेले. म्हटलं, मी दादाला सगळं लिहिते. ते म्हणाले, "नको पोरी. मला बोललेलं खपून जातं. तुझा भाऊ तुटला तर तुला कोण आहे?" गाडी आली. ट्रंक त्यांनी मला उचलू दिली नाही. घरी येऊन आईला त्यांचं बोलणं सांगितलं तर तिने काकांच्या खोलीच्या भिंतीकडे बोट केलं. मग म्हणाली, "त्या भिंतीपलीकडे तो आपलं पाप घेऊन राहिला आणि आपण इकडे जेवत होतो."

माझं एकच मागणं आहे. मला फोन करू नकोस, माझ्यावर ओरडायलाही नको, इतक्यात. आधी दोंडाईच्याला जा. दिपालीच्या दारात, तिच्यासमोर, काकांची माफी माग. माझ्या नावानेही माग. लाइनीतल्या लोकांना मी सांगते आहे. सरलाबाईंना काल सांगितलं. त्यांनी भाजीची परात उचलली आणि आत गेल्या. होईल तसं होईल.

माझं काय करायचं ते नंतर ठरव. तू ठरवशील ते मला मान्य आहे.

नानांना घर जाऊ न देणारी,
सुषमा


नाशिक
६ एप्रिल २०२६

सुषमा,

पत्र पोहोचलं. सुट्टी मिळायला आठ दिवस गेले. शनिवारी दोंडाईच्याला जाऊन आलो.

दिपालीच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. काका खाटेवर बसून देठं काढत होते. मला बघून उठायला लागले. मी पाया पडलो तर म्हणाले, "पहिले पाणी पी. इतला उन्हामा आला." मी दिपालीसमोर सगळं सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवायचं ठरवलं होतं, पण अर्ध्यावर वाचवेना, मग तिने वाचलं. तिला काहीच माहीत नव्हतं. ती बापावरच चिडली. म्हणाली, "दोन महिने फोनवर नि आता इथेही मी तुम्हाला विचारते, जेवण का जात नाही?" आणि रडायला लागली. काका मिरच्या निवडत राहिले. मग त्यांनी मला नानांबद्दल एकच विचारलं. मगनने किती ठिकाणं शोधली? मी म्हटलं, नऊ. "एकट्याने?" हो. तेव्हा त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

ते परत यायला तयार नाहीत. मी म्हटलं, मी लाइनीत येऊन सगळ्यांसमोर बोलतो. त्यांनी नुसता हात हलवला. तरी मी येणार आहे, वैशाखात. आईला सांग.

तुझ्याबद्दल. माफ केलं असं लिहायला हात उचलत नाही. खोटं लिहिणार नाही, आपल्या घरात ते पुरे झालं. पायरीवर बसलेले नाना डोळ्यांसमोरून जात नाहीत. काल जेवताना उठून गेलो, पोरं घाबरली.

पण हेही लिहितो. दिवाळीत मी तिथे चार दिवस होतो. दम लागतो हे मला दिसलं होतं. दवाखाना चालत दहा मिनिटांवर आहे. मी तुला जिन्यात सांगितलं आणि गाडीत जाऊन बसलो. त्यांना दवाखान्यात नेणं तुझंच काम आहे असं मी धरून चाललो. घाटावर काकांवर इतका ओरडलो तेही बहुतेक यामुळेच.

इतक्यात फोन करू नकोस. फोनवर मी भांडेन. पत्र लिही. मुगलसराईतलं आणि त्या स्टेशनवरच्या तीन रात्रींचं अजून काही बोलले असतील तर तेही लिही, आठवेल तसं. मला त्यांनी कधीच काही सांगितलं नाही.

आईचा गुडघा दाखवून घे. या आठवड्यातच.

खाली काय लिहावं याचा बराच वेळ विचार केला. दुसरं काही सुचलं नाही.

तुझा दादा,
वाल्मिक