पुठ्ठ्याआडची हाक

ती. सासूबाईंना,

तुम्ही रागाने थोरल्या भाऊजींकडे गेलात, तेव्हा मी मनात ‘सुटले एकदाची’ म्हटलं होतं. खरी सुटले ती आज. तुमची नात बोलली!

ऑपरेशन करून तिच्या कानाला मशीन बसवलं, तेव्हापासून आपलं दोघींचं वाजत होतं. थेरपीच्या बाईंनी शिकवलं तसं तुम्ही तोंडापुढे पुठ्ठा धरून बोलायचात, म्हणजे ती ओठ न बघता कानाने ऐकेल. तुमची पाठ वळली की मी हातांनी खुणा करायचे. ‘खुणांची सवय लागली तर पोर जन्मभर तोंड उघडायची नाही,’ म्हणायचात. वरवर मी फणकारायचे, पण मनातून मलाही तीच भीती होती.

आज सकाळी ती बिस्किटाच्या खोक्याचं झाकण घेऊन आली. तोंडापुढे नीट धरलं, अगदी तुमच्यासारखं. बोलायचं तर तोंड झाकावंच लागतं, असा तिचा पक्का समज! झाकणाआडून आवाज आला, “आजी, ये.” आणि मोकळ्या हाताने तिने नसलेला चष्मा नाकावर सरळ केला. ती तुमची खूण, तिनेच शोधलेली.

मी हसले की रडले, आठवत नाही.

हे पत्र काही टाकत नाही. टाकलं, तर ‘माझाच पुठ्ठा जिंकला’ म्हणत गावभर सांगाल. त्यापेक्षा संध्याकाळी फोन लावून तिच्या हातात देते. फोनवर ओठ दिसत नाहीत, हातही दिसत नाहीत. तुम्हीसुद्धा नुसत्या कानाने ऐका.

तुमची हट्टी सून