काकांचा फोटो आणि मी गिळलेला स्क्रू

आदरणीय दुर्गेशभाऊंना,

आमगावहून धर्मेंद्रचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिने चढू देत असेल, वहिनी आणि फोटो स्टुडिओ दोन्ही खुशाल असतील, असं धरून चालतो. इकडे बाबा ठणठणीत, सौ. भाग्यश्रीही बरी. माझं विचाराल तर दाराची कडी वाजली की मी मोरीत जाऊन लपतो. कारण सांगतो, पण पत्र वाचून झालं की फाडून टाका.

बोडीचं, म्हणजे आमच्या शेततळ्याचं, पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत सोडायचं यावरून बाबा आणि आसाराम काका, सख्खे भाऊ असून, मी कॉलेजात होतो तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मागच्या महिन्यात काकांनी फुलवंता काकीच्या तोंडी निरोप धाडला, "मराच्या आधी आमचा जोडीनं एक फोटो पाहिजे. काढाचा तं माह्या भावानं, उमरावनंच, अन् त्याच डब्यानं." डबा म्हणजे बाबांचा तो दोन भिंगांचा, वरून डोकावून पाहायचा, रोलवाला कॅमेरा. काकांच्या लग्नाचे फोटो त्यानेच काढलेले. निरोप ऐकून बाबांनी पेटीतून कॅमेरा काढून माझ्या हाती दिला. "पुसून ठेव. इतवारी लागन."

मी पुसला, आणि पुसता पुसता खटका दाबला. आवाजच नाही. पुन्हा दाबला, तरी नाही. भाऊ, मी तो हलवून कानालाही लावून पाहिला. कॅमेरा बिघडला म्हटलं तर काका समजणार की उमरावनं बहाणा केला, आणि मग हे दोघे एकमेकांच्या मयतीलाही जाणार नाहीत. (तुमच्याकडे घेऊन यायला हवा होता, मान्य. पण तुमच्या दुकानात बसणाऱ्यांपैकी निम्मे बाबांच्या ओळखीचे.) म्हणून बाबा शेतावर गेल्यावर मी मोबाइलवर कॅमेरा दुरुस्तीचा एक व्हिडिओ लावला. त्यातल्या माणसाची भाषा कळत नव्हती, हात कळत होते. पुढे काय करायचं ते त्याला माहीत होतं, एवढाच काय तो आमच्यात फरक.

भिंगाभोवतीचं कडं फिरवलं, भिंग निघालं. आत खटक्यासरशी उघडमिट करणाऱ्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या जुन्या तेलाने चिकटून बसलेल्या. लायटरचं पेट्रोल कापसाने लावलं तशा त्या सुटल्या. मला इतका आनंद झाला की मी आणखी एक स्क्रू काढला. त्याखालची स्प्रिंग उडाली ती थेट भाग्यश्रीच्या सुपात, आणि ती तांदूळ निवडून राहिली होती. स्प्रिंग कणीएवढी, तांदूळ आठवडाभराचे. तिने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सापडेपर्यंत चूल पेटणार नाही." (सापडली. पण तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात नागपूरला पळून जाऊन आलो.)

स्प्रिंग बसवली, स्क्रू हरवू नये म्हणून ओठांत धरला आणि नेमके बाबा दारात. कॅमेऱ्यावर टोपली पालथी घातली. बाबा त्या टोपलीशेजारीच खाटेवर टेकले आणि चहा मागितला. "काऊन रे, तोंडाले का झालं?" मी म्हणालो, "काही नाही," आणि त्या दोन शब्दांत स्क्रू आत गेला. बाबा चहा पीत होते आणि मी पोटात लोखंड घेऊन टोपलीकडे पाहत होतो. आपण आधी मरणार की आधी पकडले जाणार, एवढाच प्रश्न होता. (केळी खाल्ली. जिवंत आहे. जास्त विचारू नका.) त्या स्क्रूच्या जागी भाग्यश्रीचं नखपॉलिश लावलं आहे.

रविवारी काका-काकी त्याच बोडीच्या पाळीवर, पाण्याकाठी, उभे राहिले. काकी नव्या लुगड्यात, काका लाकडासारखे ताठ. बाबांनी कॅमेऱ्यात डोकावलं. मी डोळे मिटून घेतले. मग बाबांचा आवाज आला, "दादा, मान थोडी वर कर." काकांनी मान वर केली. खटका वाजला. काकांनी विचारलं, "आला का रे?" बाबा म्हणाले, "आला." आणि दोघे भाऊ आमच्या घरी चहाला आले. मी गडबडीत कपात साखरेऐवजी मीठ टाकलं, तरी दोघांनी शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. भीत भीत,
तुमचा धर्मेंद्र

ता. क. काल मी बाबांना विचारलं, रोल धुवायला दुर्गेशभाऊंकडे पाठवू का. ते म्हणाले, "कोनता रोल? रोल कुठी भेटते आता? अन् तो डबा तं तुह्या लग्नापासूनच बंद होता. मी नुसताच खटका दाबनार होतो. आवाज आला तं मीच दचकलो."

ता. क. २. काका रोज संध्याकाळी येऊन विचारतात, "फोटो आला का?" भाग्यश्रीने बाबांच्या मागून मोबाइलवर एक काढला होता, तो तुमच्या फोनवर पाठवला आहे. काळापांढरा, चौकोनी, जुना दिसेल असा करून द्या. डाव्या कोपऱ्यात बाबांचा कान आला आहे, तो काढून टाका. आणि लवकर करा भाऊ, कडी वाजून राहिली आहे.