जिन्यातली काचेची नळी

मामंजी, आज मी इतकी खुशीत आहे की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमची पणती इथल्याच कॉलेजात शिकवते, आणि काय शिकवते माहितीय? तुमचंच! एका पाण्यातलं प्रथिन दुसऱ्या पाण्यात कसं न्यायचं ते. परवा पोळ्या लाटता लाटता मी तिला आपल्या दुर्गापुऱ्याच्या घरातली गोष्ट सांगितली, तर पोरगी ओट्यावरनं उडी मारून उतरली. "आजी, मतलब तू होल्ड-अप मोजायचीस?" म्हटलं, "मी कसली मोजतेय बाई, चौथी शिकलेली. मी तोटी बंद करायची."

लग्न होऊन जयपूरला त्या घरात आले तेव्हा तुमची ती काचेची नळी जिन्यालगत खालपासून वरच्या मजल्यापर्यंत उभी होती. श्रीखंडासाठी मी चक्का टांगला की खाली गळलेलं पाणी तुम्ही त्यातल्या प्रथिनासाठी मागून न्यायचात, त्यात कसला तरी क्षार विरघळवून नळीत भरायचात. मग त्यातून दुसरं दाटसर पण हलकं पाणी थेंबाथेंबानं वर चढायचं. दोन्ही पाणीच, तरी एकमेकांत मिसळायची नाहीत. रॉकेलसारखं काही घातलं तर प्रथिन नासतं म्हणायचात. थेंब वाटेत रेंगाळले तरच प्रथिन उचलतात, म्हणून नळीत काचेचे तुकडे. आणि काच कुठली, तर माझ्या चुड्यातल्या फुटलेल्या बांगड्यांची! मी "फुटल्या" म्हटलं तशी सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "फुटल्या म्हणू नये, वाढवल्या म्हणावं, एवढंही कळत नाही हिला. आणि तुम्ही सौभाग्याची काच नळीत भरताय? मला काय काय बघायला लावणार आहात?" तुम्ही आपले हसताय. "अगं, हिरव्या काचेत थेंब किती छान दिसतात बघ तरी."

नळीत किती थेंब अडकून आहेत, म्हणजे पोरीचं ते होल्ड-अप, हे बघायला वरची आणि खालची तोटी एकदम बंद करावी लागे. वर तुम्ही, खाली मी. तुम्ही "हं!" म्हणायचात. मग सगळे थेंब वर जाऊन त्यांचा थर व्हायचा, तुम्ही पट्टी लावायचात आणि वरूनच, "शाबास सूनबाई!" दिवसभर मी हवेत.

त्या दुपारी मी तोटीवर हात ठेवून उभी आहे. बाहेर लूच्या गरम झळा, खिडक्यांना वाळ्याचे पडदे. थेंब चढतायत, काचेला अडतायत, सुटतायत. "हं" येत नाही. सुनेनं सासऱ्यांना हाक मारायची रीत नव्हती, म्हणून मी वाट बघतेय. मग सासूबाई चहा घेऊन वर गेल्या, आणि कपबशी पडल्याचा आवाज आला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, काचेनं नेलं. मला कधी बोलल्या नाहीत, पण मी बांगड्या भरायला बसले की उठून आत जायच्या. अजूनही नळ बंद करताना माझा हात थांबतो बघा, वरून आवाज येईलसं वाटतं.

पणती आता विद्यार्थ्यांना दाखवायला छोटी नळी करतेय. दिवाळीनंतर तिचं लग्न आहे. "आजी, तशीच बांगड्यांची काच भरूया ना! तुझ्याकडं असेल." मी म्हटलं, "छे गं, कधीच टाकली."

हे पत्र पाठवायचं तरी कुठं, म्हणून इथंच सांगते. डबाभर आहे काच. काचेनं माणूस जात नाही, हे मला कळतं, मामंजी. पण तिला नाही दिली.